सेव्हन सीटरचा एअरबॅग लाइट लागलाय? मग आधी हे करा

गणपतीला गावी निघायच्या आधी आपण टायरची हवा बघतो, कूलंट बघतो, वायपर बदलतो, कॅरियरवर ताडपत्री बांधतो, पण मीटरमध्ये तो लाल माणूस असतो ना, समोर गोल फुगा धरून बसलेला, तो महिनोन्‌महिने पेटलेला असला तरी कोणी विचारत नाही, कारण गाडी पळतेय, एसी गार आहे, मग काय. तो लाइट पेटला म्हणजे एअरबॅगच्या कॉम्प्युटरला कुठेतरी फॉल्ट सापडलाय आणि अशा वेळी ठोकर बसली तर एअरबॅग उघडेल याची खात्री राहिली नाही. आणि सेव्हन सीटरमध्ये आपलं अख्खं घर बसलेलं असतं हो, आजीपासून धाकट्यापर्यंत.

पहिली टेस्ट घरच्या पार्किंगमध्येच होते. इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करा, एअरबॅगचा लाइट काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही, ब्लिंक झाला किंवा चालवताना मध्येच लागला तर फॉल्ट आहे. पण लाइट अजिबात लागलाच नाही तर जास्त घाबरा, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर, कारण अ‍ॅक्सिडेंटमध्ये एअरबॅग फुटल्यावर नवीन न बसवता लाइटच बंद करून टाकतात, किंवा एअरबॅगच्या जागी छोटा रेझिस्टर (करंट अडवणारा इलेक्ट्रिक पार्ट) लावून कॉम्प्युटरला फसवतात म्हणजे लाइट अगदी नॉर्मल वागतो आणि कव्हरच्या मागे काहीच नसतं. म्हणून जुनी गाडी घेताना नुसत्या लाइटवर विश्वास नको, स्टेअरिंगचं मधलं कव्हर आणि डॅशबोर्डवर जिथे एअरबॅग लिहिलेलं असतं तिथली फट, रंग, टेक्स्चर नीट बघा आणि इन्शुरन्सची क्लेम हिस्ट्री मागा.

फॉल्ट नेहमी मोठाच असतो असं नाही. आपल्याकडच्या फॅमिली गाड्यांमध्ये एक जागा हमखास बघायची, ती म्हणजे पुढच्या सीटखाली. तिथे पिवळे कनेक्टर असतात (एअरबॅगची वायरिंग ओळखू यावी म्हणून पिवळी ठेवतात) आणि मधल्या रांगेतली मंडळी त्याच जागी पाण्याची बाटली, चप्पल, ओली छत्री सगळं पायाने ढकलत असतात. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत सीट मागेपुढे केली की लाइट लागायचा, टॉर्च मारून पाहिलं तर पोराच्या छत्रीची तुटकी काडी बरोबर त्या पिवळ्या कनेक्टरच्या खाली अडकलेली आणि कनेक्टर अर्धा सुटलेला. पण सापडलं म्हणून स्वतः दाबू नका, टेस्टर किंवा मल्टिमीटर तर अजिबात लावू नका, एअरबॅग थोड्याशा करंटनेही फुटू शकते, ज्याला काम येतं तो बॅटरी काढून काही मिनिटं थांबतो आणि मगच हात लावतो.

दुसरं, लाइटसोबत हॉर्न आणि स्टेअरिंगवरची बटणं पण गेली असतील तर बहुतेक स्टेअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टेअरिंगसोबत फिरणारी वायरची गुंडाळी, गेलीय. ड्रायव्हरच्या एअरबॅगला सिग्नल तिच्यातूनच जातो, त्यामुळे "हॉर्नचं नंतर बघू" म्हणून टाळू नका.

आणि तिसरं खास आपल्या मुंबईचं, पाणी. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, जिथे कुठे गाडी अडकली आणि पाणी कार्पेटवर आलं तिथे हे लक्षात ठेवा की एअरबॅगचा कॉम्प्युटर बऱ्याच गाड्यांमध्ये गिअर लिव्हरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली, म्हणजे फ्लोअरलाच असतो. गॅरेजवाला कार्पेट वाळवून गाडी देतो आणि गंज नंतर सावकाश धरतो. म्हणून पुराचा क्लेम करतानाच एअरबॅग मॉड्यूल (म्हणजे हाच कॉम्प्युटर) आणि सीटखालची वायरिंग तपासायचं एस्टिमेटमध्ये लिहून घ्या, सहा महिन्यांनी इन्शुरन्सचा सर्व्हेअर ऐकणार नाही.

आता सर्व्हिस सेंटर. इथे माझा जीव जळतो. अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर सेन्सरचा छोटासा इश्यू होता, क्लिअर करून दिलाय", आपण हो म्हणून गाडी घेऊन येतो आणि दोन आठवड्यांत लाइट परत. क्लिअर केलं म्हणजे स्कॅनर लावून फॉल्टचा कोड पुसला, दुरुस्त केलं असं नाही! तुम्ही काय करायचं, गाडी देताना जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्यायची, "एअरबॅग लाइट सतत चालू", सोबत किलोमीटर. नुसतं "जनरल चेकअप" लिहिलं असेल तर सही करू नका. गाडी घेताना विचारा की कोड कोणता आला, कोणता पार्ट बदलला, आणि स्कॅनची प्रिंट द्या, आधीची आणि नंतरची. मीटरचा फोटो असा काढा की लाइट आणि किलोमीटर एकाच फ्रेममध्ये येतील. त्याच दिवशी मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, फोनवर गोड बोलणं झालं असलं तरी टाका, कारण पुढे काही झालंच तर फोनवरचं कोणालाच आठवत नाही.

रिकॉल पण बघा, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का ते. आरसीवर १७ आकडी-अक्षरी चॅसिस नंबर असतो, बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की तुमच्या गाडीचा रिकॉल पेंडिंग आहे का ते कळतं, काम फुकट होतं. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल, त्यात फुगा फुगवायला वापरलेलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवेने खराब व्हायचं आणि ठोकर बसल्यावर इन्फ्लेटरच (फुगा फुगवणारा धातूचा डबा) फुटून धातूचे तुकडे माणसाला लागायचे, जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले, २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही अशा गाड्या परत बोलावल्या गेल्या. उष्ण आणि दमट म्हणजे आपलीच हवा, तेव्हा दहा-बारा वर्षं जुनी गाडी असेल तर आजच नंबर टाकून बघा. गाडी सेकंडहँड असेल तर रिकॉलचं पत्र जुन्या मालकाकडे जातं, म्हणून डीलरकडे स्वतःचा मोबाइल नंबर अपडेट करून घ्या. सरकारकडे पण रिकॉलसाठी तक्रार करता येते, १ एप्रिल २०२१ पासून हे नियम आहेत, पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागू.

मध्येच एक सांगतो, आपणही काही गोष्टी बंद केल्या पाहिजेत, कारण एक तर जीवाला धोका आणि वर कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. समोरचा बुलगार्ड काढा, २०१७ च्या शेवटीच केंद्राने त्याला मनाई केलीय, त्याने ठोकरीचा धक्का सेन्सरपर्यंत वेगळाच पोचतो. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर जाड रेग्झिनचं कव्हर घालू नका, एअरबॅगसाठी वेगळी शिलाई असलेलंच घ्या. डॅशबोर्डवरचा बाप्पा पॅसेंजर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका, थोडा मधे, झाकण सोडून ठेवा, ती एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि वर ठेवलेलं सगळं थेट तोंडावर येतं. लहान मूल पुढे मांडीवर कधीच नको, पाठमोरी चाइल्ड सीट तर चालू एअरबॅगसमोर मुळीच नको. आणि बेल्ट, मागच्यांनी सुद्धा, तिसऱ्या रांगेत बरेचदा एअरबॅगचं संरक्षण पोचतच नाही, तिथे बेल्ट हाच काय तो आधार.

आता समजा अ‍ॅक्सिडेंट झाला आणि एअरबॅग उघडली नाही. प्रत्येक वेळी तो दोषच असतो असं नाही, मागून ठोकर, हळू धडक, ट्रकच्या खाली बोनेट घुसणं, अशा वेळी पुढच्या एअरबॅग उघडत नाहीत असं होतं. पण ते कंपनीने तोंडी सांगून मिटवायचं नाही, दाखवायचं. गाडी लगेच रिपेअरला सोडू नका. बऱ्याच गाड्यांच्या एअरबॅग कॉम्प्युटरमध्ये ठोकरीचा डेटा साठतो, तो वाचून रिपोर्ट द्या अशी लेखी मागणी करा आणि मॉड्यूल बदललं तर जुनं तुमच्या ताब्यात मागा. चारही बाजूंचे फोटो, पोलिसांचा पंचनामा, सर्व्हेअरचा रिपोर्ट, हॉस्पिटलची बिलं, सगळं एका फाइलीत.

कंपनी म्हणेल पुरेसा जोर नव्हता. त्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, एप्रिल २०२२ चा, हुंदाई विरुद्ध शैलेंद्र भटनागर. क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या आणि कोर्टाने स्पष्ट म्हटलं की वेग आणि बलाचं गणित मांडायला ग्राहक काही फिजिक्सचा तज्ज्ञ नाही. ३ लाखांची भरपाई आणि गाडी बदलून द्यायचा आदेश कायम राहिला. कंपनीला नोटीस पाठवाल तेव्हा त्यात हा निकाल लिहा.

आधी १९१५ वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला नोंदवा, बरेचदा तिथूनच कंपनी हलते. नाही हलली तर तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर केस तिथेच चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यावर १०००. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, मेलामेलीत ती घालवू नका. पिवळी नंबर प्लेट असेल तर कंपनी "हा धंदा आहे, ग्राहक नाही" म्हणणार, तेव्हा स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो हे तक्रारीतच लिहा. एकट्याने झेपत नसेल तर पार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीत मार्गदर्शन मिळतं, जाताना सगळी जॉब कार्ड तारखेप्रमाणे लावून न्या, ते पहिल्यांदा तीच मागतात.