ट्रायग्लिसराइड वाढलेत, पण कोणत्या कणात? रिपोर्टवरून ओळखायची पद्धत

लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 190 येवो नाहीतर 2400, बहुतेकांना सल्ला एकच मिळतो: तेलकट कमी करा. पण एकाचा धोका हृदयाला असतो, दुसऱ्याचा स्वादुपिंडाला, आणि पहिल्याला जे पथ्य लागतं ते दुसऱ्याला पुरत नाही. हा फरक नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ही चरबी कोणत्या कणांत भरलेली आहे ते शोधावं लागतं.

जेवणातली चरबी आतड्यातून काइलोमायक्रॉन या मोठ्या कणांत भरून रक्तात येते. यकृत स्वतः तयार केलेली चरबी व्हीएलडीएल या त्याहून लहान कणांत भरून पाठवतं. दोन्ही रिकामे करण्याचं काम लायपोप्रोटीन लायपेज या एकाच विकराकडे (एन्झाइमकडे) असतं. ट्रायग्लिसराइड 500 मिग्रॅ/डेलीच्या पुढे जायला लागले की या विकराची ताकद अपुरी पडते, व्हीएलडीएलच्या गर्दीत काइलोमायक्रॉनही अडकतात आणि रक्त दुधाळ होतं. (खालचे सगळे आकडे मिग्रॅ/डेलीमध्ये आहेत. परदेशातला रिपोर्ट मिलिमोल/लिटरमध्ये असेल तर ट्रायग्लिसराइडला 88.6 ने आणि कोलेस्टेरॉलला 38.7 ने गुणा.)

आधी नमुना नीट घ्या

नेहमीच्या तपासणीला उपाशी पोट लागतंच असं नाही. पण कणांचा प्रकार ठरवायचा असेल तर 12 तास फक्त साधं पाणी. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी किंवा दूध घातलेला चहा चालत नाही. खिचडीतलं तूप आणि शेंगदाण्याचं कूट काही तास काइलोमायक्रॉन बनून रक्तात फिरत राहतं, आणि मग निरोगी माणसाच्या रक्तातही ते दिसतात. आधीचे तीन दिवस दारू नको. लग्नकार्याच्या जेवणानंतर, तापात किंवा मोठ्या आजारात ही तपासणी करू नये. सुई टोचण्याआधी पाच मिनिटं बसून राहावं, दंडाचा पट्टा मिनिटभराहून जास्त आवळलेला नको, नाहीतर रक्त घट्ट होऊन सगळेच आकडे थोडे चढतात.

मग नळी डोळ्यांनी बघा

सेंट्रिफ्यूजमधून काढलेला सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ द्रव, स्वच्छ आहे, धुरकट आहे की दुधासारखा, हे तंत्रज्ञाने रिपोर्टवर लिहावं. साधारण 300 च्या पुढे धुरकटपणा येऊ लागतो. सिरम पाण्यासारखा निर्मळ आणि ट्रायग्लिसराइड मात्र 600, असं दिसलं तर थांबा. बहुतेक यंत्रं ट्रायग्लिसराइड मोजताना खरं तर त्यातून सुटलेलं ग्लिसरॉल मोजतात. ग्लिसरॉल कायनेज या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या पुरुषांत ग्लिसरॉलच साचलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं चरबीची औषधं घेऊनही आकडा हलत नाही. अशा वेळी ग्लिसरॉल वजा करून मोजणारी चाचणी मागावी.

सिरम गढूळ असेल तर आता फ्रीजची चाचणी करा. स्वस्त आहे, जुनी आहे, आणि ती मागे पडली याचं वाईट वाटतं, कारण तालुक्याच्या लॅबमध्येही ती सहज होते. रक्त इडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या आणि दोन तासांच्या आत प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढलेला द्रव, वेगळा करा. साधारण 2 मिली प्लाझ्मा अरुंद, पारदर्शक काचेच्या नळीत ओता, तोंड बंद करा आणि 4 अंश सेल्सियसला रात्रभर, म्हणजे 12 ते 16 तास, उभी ठेवा. फ्रीजच्या दारात ठेवू नका, दर उघडझापीला ती हलते. फ्रीझरमध्ये तर नकोच. गोठलं की कण फुटतात आणि नमुना या चाचणीसाठी वाया जातो. सकाळी नळी न हलवता काळ्या कागदासमोर धरा.

काइलोमायक्रॉन पाण्याहून हलके असल्याने दुधावर साय धरावी तसे वर येतात. व्हीएलडीएल तितके हलके नसतात, ते खाली तरंगत राहून द्रव गढूळ ठेवतात. म्हणून:

– वर साय, खाली स्वच्छ: जवळजवळ सगळे काइलोमायक्रॉन. प्रकार 1.
– वर साय, खाली गढूळ: दोन्ही कण साचलेले. प्रकार 5.
– साय नाही, सगळंच गढूळ: व्हीएलडीएल किंवा त्याचे अवशेष. प्रकार 4 (फक्त व्हीएलडीएल), 2बी (सोबत ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे एलडीएल कणही) किंवा 3 (अवशेष).

प्रकारांचे हे क्रमांक फ्रेडरिकसन, लीव्ही आणि लीस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातले आहेत. जनुकांबद्दल आज पुष्कळ अधिक कळलं आहे, तरी रुग्ण समोर बसलेला असताना ही विभागणी अजूनही उपयोगाची आहे.

छापलेल्या एलडीएलवर विसंबू नका

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. व्हीएलडीएलमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांचं प्रमाण 1:5 असतं, असं यात धरलेलं आहे. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले, काइलोमायक्रॉन असले किंवा प्रकार 3 असला की हे गृहीतक कोसळतं. एकूण 420, एचडीएल 18, ट्रायग्लिसराइड 2400 हे आकडे सूत्रात घाला: एलडीएल येतं उणे 78! अशा वेळी प्रत्यक्ष मोजलेलं एलडीएल मागा. तेही अतिशय दुधाळ नमुन्यात चुकू शकतं. नॉन-एचडीएल मात्र, म्हणजे एकूणातून एचडीएल वजा, कोणतंही गृहीतक न धरता निघतं. त्याचं उद्दिष्ट तुमच्या एलडीएलच्या उद्दिष्टापेक्षा 30 ने जास्त धरतात.

यानंतर एक चाचणी जरूर जोडा: अपो-बी, म्हणजे कणांवरचं एक प्रथिन. प्रत्येक व्हीएलडीएल आणि एलडीएल कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे ही सरळसरळ कणांची मोजणी आहे. ट्रायग्लिसराइड चढले की एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल बाहेर जातं आणि त्या जागी ट्रायग्लिसराइड येतात. मग यकृतातलं लायपेज तीही काढून घेतं, आणि उरतात लहान, घट्ट एलडीएल कण. प्रत्येकात कोलेस्टेरॉल थोडं, पण कण पुष्कळ. एकूण 210, एचडीएल 35, ट्रायग्लिसराइड 280 असलेल्या माणसाचं एलडीएल 119 निघतं आणि घरचे निश्चिंत होतात. त्याचंच नॉन-एचडीएल 175 आहे, आणि अपो-बी 125 आलं तर तो प्रकार 2बी. हृदयाचा धोका खरा आहे. पोट सुटलेल्या, मधुमेहाकडे झुकलेल्या भारतीय माणसात हे चित्र फार नेहमीचं आहे.

प्रकार 3 हातचा जाऊ देऊ नका

यात काइलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल अर्धवट रिकामे होऊन त्यांचे कोलेस्टेरॉलने भरलेले अवशेष रक्तात अडकतात. यकृताने हे अवशेष उचलायला अपो-ई हे प्रथिन लागतं. दोन्ही पालकांकडून त्याचं ई2 रूप आलं असेल तर पकड सैल पडते. नुसत्या ई2/ई2 ने बहुतेकांना काही होत नाही. थायरॉइड मंदावणं, मधुमेह, लठ्ठपणा, रजोनिवृत्ती असं दुसरं कारण जोडीला आलं की रोग वर येतो.

ओळखायची खूण: कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढलेले आणि जवळपास सारखे, पण अपो-बी त्या मानाने कमी. उदाहरणार्थ कोलेस्टेरॉल 380, ट्रायग्लिसराइड 420, अपो-बी 95. कोलेस्टेरॉलला अपो-बीने भागा. उत्तर सुमारे 2.4 च्या वर आणि ट्रायग्लिसराइड भागिले अपो-बी सुमारे 9 च्या खाली असेल तर प्रकार 3 चा संशय घ्या. इथे 4 आणि 4.4 येतं. तळहाताच्या रेषांत पिवळसर-नारिंगी रंग दिसतो का, कोपर-गुडघ्यांवर गाठी आहेत का, तेही बघा. रेषांतला तो रंग या रोगाची जवळजवळ ओळखच आहे. पक्कं करायला अपो-ई जनुकाची चाचणी. या रुग्णांत हृदयाच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात, पण थायरॉइड, साखर आणि वजन सुधारलं की आकडे झपाट्याने उतरतात. म्हणून हा प्रकार सापडणं रुग्णाच्या फार फायद्याचं असतं.

दुय्यम कारण शोधल्याशिवाय गोळी नको

एचबीए1सी (साखरेसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवीतलं प्रथिन, यकृताच्या चाचण्या एकदमच करा. दारूबद्दल आठवड्याला किती, असं नेमकं विचारा. औषधांची यादी मागवा: मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरचं ओलांझापिन आणि क्लोझापिन, स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन, रक्तदाबासाठीचं थायझाइड. प्रकार 5 च्या बहुतेक रुग्णांत आनुवंशिक कल असतोच. साखर, दारू किंवा औषधाने तो उघडा पडतो.

प्रकार कळला की काय बदलायचं

ट्रायग्लिसराइड 1000 च्या वर आणि वर साय: आधी स्वादुपिंड वाचवायचं. दिवसभराची एकूण चरबी ऊर्जेच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 1800 कॅलरीच्या आहारात 20 ते 30 ग्रॅम. तूप आणि सूर्यफूल तेल यात फरक करू नका, आतडं दोन्ही काइलोमायक्रॉनमध्येच भरतं. एक मोठा चमचा तेल सुमारे 14 ग्रॅम, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे सुमारे 15 ग्रॅम. दिवसाचा वाटा एवढ्यात संपतो. एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं) तेल चालतं कारण ते थेट यकृताकडे जातं, पण खोबरेल तेल म्हणजे एमसीटी नव्हे. त्यात लॉरिक आम्ल जास्त, आणि त्याचा मोठा भाग काइलोमायक्रॉनच्या वाटेनेच जातो. कोकणात आणि गोव्यात ही चूक सहज होऊ शकते. जन्मजात प्रकार 1 मध्ये फायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारी औषधं) आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल फारशा कामाच्या नाहीत, खरा इलाज ताटातच आहे.

वरच्या पोटात पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर तडक रुग्णालय गाठा आणि ट्रायग्लिसराइडचा जुना रिपोर्ट दाखवा. दुधाळ रक्तात अमायलेज (स्वादुपिंडाचं विकर) खोटं नॉर्मल आणि सोडियम खोटं कमी येऊ शकतं. स्वादुपिंडाचं लायपेज तपासावं, सोडियम ब्लड गॅस यंत्रावर मोजावं. हिमोग्लोबिनही अशा नमुन्यात खोटं जास्त दिसतं.

प्रकार 4 आणि 2बी मध्ये तेलापेक्षा साखर, गूळ, फळांचे रस, मैदा, ताटातला भाताचा ढीग आणि दारू यांचा वाटा मोठा, कारण यकृत त्यातूनच व्हीएलडीएल बनवतं. साखरेऐवजी गूळ घेऊन इथे काही मिळत नाही. वजन 5 ते 10 टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या भागाने कमी होतात. 500 च्या खाली हृदयासाठी पहिलं औषध स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या. नुसता ट्रायग्लिसराइडचा आकडा उतरवून भागत नाही, हे 2022 च्या पेमाफायब्रेट या फायब्रेटच्या मोठ्या चाचणीने दाखवलं: आकडा घटला, हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. 500 च्या वर मात्र स्वादुपिंडासाठी फेनोफायब्रेट देतात. स्टॅटिनसोबत फायब्रेट द्यायचंच तर जेमफायब्रोझिल टाळावं, स्नायूंना इजा होण्याचा धोका बराच वाढतो. औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

फेरतपासणी 4 ते 12 आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, तसंच 12 तास उपाशी राहून. 1000 च्या वर असलेल्यांनी इतकं थांबू नये. चरबी खरोखर बंद केली तर काही दिवसांतच आकडा निम्म्यावर येऊ शकतो. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘लिपिड प्रोफाइल’ लिहू नका. ‘उपाशी, सिरमचं रूप नोंदवा, अपो-बी, एलडीएल प्रत्यक्ष’ असं लिहा.