आधी पाला, मग पालेभाजी

सोसायटीच्या गच्चीवर भाजी लावायची म्हटलं की सगळे आधी कुंड्या आणायला धावतात. आम्हीही तेच केलं. कोथरूडमधली आमची जुनी इमारत, १६ बिऱ्हाडं. वर्गणी काढून कुंड्या आणि लाल मातीची पोती आणली, टोमॅटो आणि ढोबळी मिरची लावली. मे महिन्यात ती माती विटेसारखी कडक झाली, आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरचं छत गळायला लागलं. तिथल्या आजींनी माझा हात धरून भिंतीवरची ओल दाखवली. त्याच आठवड्यात कुंड्या खाली उतरवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात केली ती पाल्यापासून. तीच रीत इथे सांगते.

गच्ची आधी दाखवून घ्या. ३० सेंटिमीटर ओली माती म्हणजे एका चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन ओझं. जुनी स्लॅब एवढ्यासाठी बांधलेली नसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, वॉटरप्रूफिंग तपासा आणि वाफे कुठे घालायचे हे त्यालाच विचारा. आमचे वाफे बीमच्या वर, कठड्याच्या कडेने आहेत. पाण्याच्या निचऱ्याची तोंडं मोकळी ठेवली आहेत आणि त्यांवर जाळी बसवली आहे. खाली जाड ताडपत्री, कडेला दोन विटांचा सुटा थर. सिमेंट अजिबात नाही. वाटलं तर एका सकाळी सगळं उचलता येतं.

आता पाला. रस्त्याकडेची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात आणि आपण ती जाळतो किंवा पोत्यात भरून कचऱ्यात देतो, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या शेजारच्या दोन सोसायट्या आता त्यांची पोती आमच्या फाटकाशी आणून ठेवतात. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा मंच आहे, तो पानं देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो.

वाफ्यात तळाला रसवंतीवरची उसाची चिपाडं घालायची. गोडामुळे मुंग्या येतात, म्हणून ती आधी आठ-दहा दिवस भिजवून पसरून ठेवा. त्यावर वाळका पाला, मग स्वयंपाकघरातली सालं आणि देठं, पुन्हा पाला. पाल्याच्या तीन घमेल्यांना ओल्या कचऱ्याचं एक, एवढं प्रमाण सांभाळलं तर वास येत नाही. शिजलेलं अन्न नको. वरून मूठभर जुनी माती भुरभुरवा.

पाला लवकर कुजावा म्हणून आम्ही अमृतजल करतो. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून ही रीत गच्च्यांवर आली. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून शिंपडायचं. शेण कुठून आणायचं, असं सगळे विचारतात. शहरात गोठे आहेत, चार ठिकाणी विचारलं की सापडतात. मुंबईत प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरच बाग उभी केली. ते वाचल्यावर मला धीर आला.

तीन-चार महिन्यांनी वाफा उकरून बघा. वर पानं पानांसारखीच दिसतात, पण बोटभर खाली गेलं की शिरांची जाळी तेवढी उरलेली असते, आणि त्याखाली काळा, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखा भुगा. मुठीत दाबला तर गोळा होतो, बोट लावलं की फुटतो. पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा वास आला की वाफा तयार झाला.

लावायचं काय? माझं ठाम मत आहे की सोसायटीने मुख्यतः पालेभाजीच लावावी. कांदे-बटाटे गच्चीवर पुरेसे होत नाहीत. ते शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारातून घ्यावेत, त्यांच्या पदरात चार पैसे पडतात. पालेभाजी मात्र तोडल्यापासून तासागणिक कोमेजते, म्हणून ती घराजवळ हवी. शिवाय माठ महिन्याभरात ताटात येतो. त्याचं बी खसखशीएवढं बारीक. चमचाभर बियांत वाटीभर वाळू मिसळून पेरा, नाहीतर एकाच जागी झुंबड होते. धने पेरताना लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, आणि आठ-दहा दिवस धीर धरा. कबुतरं कोंब टिपतात, त्यावर जुनी मच्छरदाणी अंथरणं हाच उपाय आम्हाला पुरला. भाजी उपटू नका, खुडा. चार बोटं देठ ठेवून शेंडा खुडला की बाजूने दोन फुटतात, माठ तीन वेळा तरी मिळतो.

वाटणीवरून भांडणं होतात. पहिल्या वर्षी आम्ही तराजू लावून १६ वाटे करायचो. एकेका घराला आमटीत घालण्यापुरती पानं मिळायची आणि कोणीच खूश नसायचं. आता पाळी आहे. ज्या घराची पाणी घालायची पाळी, त्या दिवशी तयार असलेली भाजी त्या घराची. टाकीजवळ वही टांगली आहे, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. पाणी घातलं, काय खुडलं, कुठे मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला, एवढंच लिहायचं. मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. तेवढ्याने गेला नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब.

वर्षात एकच दिवस पाळी मोडतो, ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं. गच्चीवर बैल कुठून येणार! म्हणून आमचं वेळापत्रक त्या दिवसापासून उलटं मोजलेलं असतं. अळूचे कंद मे महिन्यात, भोपळा आणि पडवळ पहिल्या पावसाबरोबर, भेंडी आणि अंबाडी जुलैच्या सुरुवातीला, लाल माठ महिनाभर आधी. अळू भाजीचं लावा. काळपट देठाचं वडीचं असतं. चिरताना हाताला तेल लावा आणि शिजताना चिंच विसरू नका, नाहीतर घसा खवखवतो. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, त्यासाठी एक पोतं वेगळं ठेवलंय, यंदा पहिल्यांदाच. आजी आता ८४ वर्षांच्या आहेत. भाजी त्यांच्याच घरी मोठ्या पातेल्यात शिजते, फोडणीशिवाय, आणि प्रत्येक घर आपापला डबा घेऊन येतं.

दुसऱ्या दिवशी जून झालेली भेंडी उपटायची नाही, बुंध्याशी कापायची. मुळं वाफ्यातच कुजू द्यायची. वर पोतंभर पाला पसरायचा, अमृतजल शिंपडायचं, आणि नवरात्रात पाला थोडा बाजूला सारून ओळीने मेथी पेरायची.