सायकलिंगची प्रगती मोजताना या चुका टाळा

राइड संपली की घाम पुसायच्या आधी मोबाइल काढून ॲव्हरेज स्पीड बघायचा, ही सवय आधी सोडा. नाशिक-त्र्यंबक रस्ता घ्या. जाताना हळूहळू चढ, येताना उतार. त्यात पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना थेट तोंडावर. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचा ॲव्हरेज मे महिन्यात ताशी 26 किमी होता, जूनच्या अखेरीस 23 वर आला. "दादा, मी मागे पडलो," म्हणत त्याने विश्रांतीचा दिवस बंद केला आणि रोज दम निघेपर्यंत ताणायला लागला. मी त्याच्या जुन्या राइड्स उघडल्या. महिरावणीच्या पुढच्या चढावर मे महिन्यात पल्स 150 च्या आसपास, जूनमध्येही तेवढीच. बदलला होता तो फक्त वारा. पण तोवर गुडघा गेला होता. अख्खा ऑगस्ट पोरगा घरी बसला. आजही आठवलं की जीव हळहळतो.

आणि ताशी 30 चा ॲव्हरेज हवाच कशाला? 200 किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 सुद्धा लागत नाहीत.

मी महिन्यातून एकदाच मोजतो. आदल्या दिवशी आराम, टायरमध्ये नेहमीएवढीच हवा, सकाळी साडेसहाला सोमेश्वरपासून गंगापूर धरणापर्यंत. पल्स 140 च्या वर जाऊ द्यायची नाही आणि किती वेळ लागला ते वहीत लिहायचं: "12 जाने., थंडी, वारा नाही, 23 मि. 10 से." जानेवारीची तुलना एप्रिलशी करत नाही, कारण उन्हाळ्यात तेवढ्याच जोराला पल्स जास्त पडते.

दुसरी चूक एफटीपीची, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त पॉवरच्या टेस्टची. वीस मिनिटांच्या सरासरी पॉवरचे 95 टक्के धरायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पहिल्या पाच मिनिटांतच जीव तोडून मारतात, मग उरलेली पंधरा रडत काढतात. वर दर रविवारी पुन्हा टेस्ट! ऑक्टोबर छाटणीनंतर आठव्या दिवशी द्राक्षबागेत घड मोजायला कोणी जातं का? दोन टेस्टमध्ये सहा-आठ आठवडे जाऊ द्या.

लांब राइडनंतर कमी झालेला किलो घामाचा असतो, चरबीचा नाही. ट्रकच्या आडोशाने, वारा चुकवत काढलेला सेगमेंट (ॲपमधल्या ठरावीक टप्प्याचा वेळ) मी मोजतच नाही. हायवेवर असलं काही करू नका.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले, तर त्या दिवशी सायकल बाहेर काढू नका.