मित्राला पहिल्या रनमध्ये पुढे जाऊ द्या

इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर सकाळी सोबत सायकल चालवणारे दोघे ड्युएथलॉनला (धावणं, सायकल, पुन्हा धावणं अशा शर्यतीला) नाव देतात, तेव्हा त्यांची आपसातली चुरस बहुधा पहिल्या पाच किलोमीटरमध्येच बिघडते. स्प्रिंट प्रकारात ५ किमी रन, २० किमी सायकल आणि शेवटी २.५ किमी रन असतो. शिट्टी वाजली की मित्र सुसाट सुटतो, आपण त्याला धरून धावतो आणि सायकलवर बसेपर्यंत मांड्या भरून येतात.

हिशेब मांडा. पहिल्या रनमध्ये किलोमीटरमागे १० सेकंद हळू धावलात तर तोटा ५० सेकंदांचा. २० किमी ताशी ३० च्या वेगाने ४० मिनिटांत होतात. पाय दमून वेग २८ वर आला तर जवळजवळ ४३ मिनिटं लागतात. ही तीन मिनिटं अडीच किलोमीटरच्या रनमध्ये भरून निघत नाहीत. म्हणून एरवी ५ किमी २५ मिनिटांत धावत असाल, तर इथे २५:५० ते २६ मिनिटं धरा. पहिला किलोमीटर ५:१५ च्या आत येता कामा नये, मित्र कितीही पुढे दिसू दे.

तो किती पुढे आहे हे यू-टर्नच्या रस्त्यावर नेमकं कळतं. तो वळून समोरून येताना ज्या क्षणी तुमच्या बाजूने जातो, तेव्हापासून तुम्ही वळणावर पोचेपर्यंतचे सेकंद मोजा आणि दुप्पट करा. २० सेकंद लागले तर तो ४० सेकंद पुढे आहे. एवढं अंतर सायकलवर सहज तुटतं, घाबरायचं कारण नाही.

सायकलची तयारी आदल्या रात्री करा. चेनला तेल देऊन वरचं फडक्याने पुसून काढा, नाहीतर धूळ चिकटते. चाक उचलून फिरवा. ब्रेकपॅड घासत असेल तर तेवढ्यानेच दम निघतो. हवा मात्र सकाळीच भरा: ६५-७० किलो वजनाला २५ मिमी टायरमध्ये ८० ते ९० पीएसआय, ३५ मिमी टायरच्या हायब्रिड सायकलला ५५ ते ६५, आणि टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत. रस्त्याच्या कडेने चालवाल तर बाभळीचा काटा ठरलेला. ट्यूब बदलताना टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवून काटा शोधून काढा. घाईत तो तसाच राहतो आणि नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे रन आणि सायकल यांची अदलाबदल होते त्या जागी, हेल्मेट हँडलवर उलटं ठेवा, पट्टे बाहेर मोकळे सोडा. आधी पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. परत आल्यावर सायकल रॅकवर लागेपर्यंत पट्टा उघडायचा नाही. हा क्रम चुकला की दंड. गिअर हलका ठेवून सायकल लावा. तुमचा सरासरी वेग २८ च्या खाली असेल तर क्लीटवाले (पेडलला अडकणारे) बूट घरीच राहू द्या: साधे पेडल आणि धावायचेच बूट, त्यात इलॅस्टिकची लेस. दोनदा बूट बदलण्यात जो वेळ जातो तो २० किमीत वसूल होत नाही.

सुपर कॉरिडॉर उघडा आहे, वाऱ्याला आडोसा नाही. समोरून वारा असताना वेगाकडे पाहू नका, श्वास आणि पेडल सांभाळा, मिनिटाला ८५-९० फेरे. मित्राच्या मागे लपायचा मोह इथेच होतो. ड्राफ्टिंगला, म्हणजे असं पुढच्याच्या आडोशाने चालवायला, मनाई असेल तर साधारण १० मीटरचं अंतर ठेवावं लागतं, पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मोजलेलं. ओव्हरटेक सुरू केलात की २० सेकंदांत पूर्ण करा. ज्याला मागे टाकलं त्याने मागे सरकायचं, लगेच परत उसळी मारायची नाही. आयोजकांचा नियम शर्यतीआधीच्या ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या.

शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करा, पाय भरभर फिरू द्या. उतरल्यावर पहिले ३००-४०० मीटर पाय लाकडासारखे होतात. त्यावर उपाय एकच, आठवड्यातून एकदा १५ किमी सायकल आणि उतरल्याबरोबर २ किमी रन, सहा आठवडे. शर्यतीत तिथे पावलं आखूड टाका. किलोमीटरभराने पाय मोकळे झाले की मित्राला गाठून त्याच दमात पुढे निघा. त्याच्या बाजूला रेंगाळलात तर त्याला तुमचा वेग मिळतो.

आदल्या रात्री सराफ्यात, तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाणं टाळा. सकाळी अडीच तास आधी थोडे पोहे, शेव आणि जिरावन मसाला न घालता. जिलबी नंतर. सायकलवर साखर-मिठाच्या पाण्याची अर्धी बाटली पुरते.

एक गोष्ट दोघांनी आधीच बोलून ठेवा: पंक्चर झाल्यास थांबायचं का? वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात एकमेकांना ट्यूब किंवा पंप देता येतो. स्वतःचं चाक, हेल्मेट किंवा सायकल काढून देता येत नाही. आणि हात धरून रेषा ओलांडायची कल्पना सोडून द्या. २०१९ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिक चाचणी शर्यतीत ब्रिटनच्या जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन हातात हात घालून पहिल्या आल्या आणि दोघीही बाद झाल्या, कारण ठरवून केलेली बरोबरी नियमात बसत नाही. शेवटचे शंभर मीटर दोघांनीही जीव तोडून धावा, गळाभेट रेषेपलीकडे.