जुन्या डिझेल इंजिनाला कोणता दहनकक्ष बसवावा?

विहिरीवरचं किंवा चक्कीवरचं जुनं इंजिन नव्याने बांधताना निवड बहुतेक वेळा दोनच प्रकारांत असते. पहिल्या प्रकारात पिस्टनच्या डोक्यात वाटी असते, हेड सपाट असतं आणि डिझेल थेट वाटीत फवारलं जातं. दुसऱ्यात हेडमध्येच वेगळी पोकळी असते. अरुंद तोंडातून हवा तिच्यात जोरात घुसून घुमते आणि डिझेल त्या घुमणाऱ्या हवेत पडतं.

ही वेगळी पोकळी आली ती अडचणीतून. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागायची, म्हणजे सोबत कॉम्प्रेसर आलाच. प्रॉस्पर लोरांजच्या १९०९ च्या पूर्वकक्षाच्या, म्हणजे अशाच वेगळ्या पोकळीच्या, पेटंटने त्याची गरज संपवली. पंप आणि नोजल (डिझेल फवारणारी तोटी) सुधारल्यावर मात्र एका वेगाने दिवसभर पाणी ओढणाऱ्या इंजिनाला वाटीच बरी. पोकळीच्या भिंती जास्त उष्णता खातात, त्यामुळे त्याच कामाला साधारण १० ते १५ टक्के डिझेल जास्त जळतं. शिवाय ती उष्णता इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात जाते. मे महिन्यात वरुड-मोर्शीकडे संत्र्याला पाणी देताना त्या पाण्याची टाकी लवकर तापते, ती यामुळेही. डिसेंबरच्या पहाटे हँडल मारून चालू करायलाही वाटीचं इंजिन सोपं.

पोकळी ठेवावी ती इंधनाचा भरवसा नसेल तेव्हा. वाटीला तीन-चार बारीक भोकांचा नोजल आणि सुमारे २०० बारचा दाब लागतो. त्यात कचरा अडकला की फवारा वाकडा झालाच. पोकळीतला पिंटल नोजल, म्हणजे एकाच भोकात सुईचं टोक असलेला, १२० बारच्या आसपास उघडतो, सुई स्वतःच भोक साफ ठेवते. गाळलेलं करंजाचं तेल मिसळून चालवायचं असेल तरी पोकळीच सोसते. सुरुवात आणि शेवटची काही मिनिटं मात्र शुद्ध डिझेलवर.

हेड, पिस्टन आणि नोजल एकाच जोडीचे घ्या. बहुतेक बिघाड इथेच होतात. वाटीच्या इंजिनात पिंटल नोजल बसवला, तर फवारा पिस्टनवर आदळतो, लायनरवरचं (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवरचं) तेल धुतलं जातं आणि काळा धूर निघतो. नोजलखाली तांब्याचे दोन वॉशर घातले, तरी टोक मागे राहून फवारा हेडला लागतो.

आता दाबाचं माप, म्हणजे पिस्टन वर येताना हवा किती पट दाबली जाते ते. ११४.३ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १३९.७ मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या धावेच्या), मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाच्या स्ट्रोकचं घनफळ सुमारे १४३३ घन सेंमी येतं. १८:१ हवा असेल तर १४३३ भागिले १७, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना ८४ घन सेंमी जागा उरायला हवी. हेडखालचं गॅसकेट १ मिमी जाड झालं की १०.३ घन सेंमी वाढतात आणि प्रमाण थेट १६.२ वर येतं. इंजिन थंडीत चालू होत नाही, पांढरा धूर टाकतं, मग पंपाला दोष दिला जातो.

मोजण्यासाठी २ मिमी शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीस लावून पिस्टनच्या सपाट भागावर, पिस्टनच्या पिनच्या रेषेत, दोन टोकांना ठेवा. पिस्टन तिथे डुलत नाही. वाटीवर आणि वाल्वखाली ठेवू नका. हेड पूर्ण कसून चक्र हाताने एकदा वरच्या टोकापलीकडे न्या आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजा. पोकळी मोजायला हेड उलटं, समतल ठेवा, वाल्वच्या कडांना ग्रीस लावा, नोजल बसवा, वर भोक पाडलेली काच दाबून सिरिंजने डिझेल भरा. लागलेलं डिझेल आणि तारेच्या जाडीची जागा मिळून एकूण आकडा येतो. वाटी असेल तर तीही अशीच मोजून मिळवा.

पोकळीचं हेड घेताना तिच्या तोंडापासून वाल्वच्या सीटपर्यंत तडा आहे का ते आधी पाहा. पाणी संपून तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं की तडा तिथेच जातो. असं हेड वेल्डिंग करून घेण्यात पैसा घालू नका.