पुढचे सस्पेन्शन सुधारताना

सोलापूर–पुणे महामार्गावर लेन बदलताना गाडी झुलत असेल, तर महागड्या सुट्या भागांकडे धावण्यापूर्वी लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा) आणि स्टॅबिलायझर लिंक (गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याचा जोड) तपासावेत. पुष्कळदा दोष तिथेच असतो, आणि सोलापूरच्या ४० अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात रबरही लवकर चिरते.

हे भाग ठीक असल्यास मूळ उंचीचेच, पण थोडे कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवावेत. आखूड स्प्रिंगांमुळे गाडी ऐटदार दिसते खरी, परंतु गतिरोधकांवर तळ घासतो, म्हणून मी त्या सुचवणार नाही.

गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा एकत्रित खांब) सुटा करताना स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने) आवळल्याशिवाय वरचा मुख्य नट कधीही सोडू नये, कारण उसळलेली स्प्रिंग जिवावर बेतू शकते. वरचे माउंट व बेअरिंग झिजले असल्यास याच वेळी बदलावे. लोअर आर्म काढला असेल, तर त्याचे बोल्ट चाकांवर गाडीचा भार आल्यानंतरच पूर्ण आवळावेत, अन्यथा रबरी बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटते. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावे.