ड्रॅग-अँड-ड्रॉप अपलोडमध्ये फाइलचा प्रकार तपासताना या चुका टाळा

बटण दाबलं की फक्त पीडीएफ निवडता येतात, पण चौकटीत ओढून टाकला तर व्हिडिओसुद्धा बिनबोभाट आत जातो. ही तक्रार हमखास येते. फाइल इनपुटवरचं अ‍ॅक्सेप्ट (कोणते प्रकार चालतात ते सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) फाइल निवडायच्या खिडकीपुरतंच असतं. तुमच्या डिव्हवर, म्हणजे त्या चौकटीवर, पडलेल्या फाइलींशी त्याला देणंघेणं नाही. (त्या खिडकीतही ‘सर्व फाइल्स’ हा पर्याय बहुधा असतोच.) तपासणीचं एकच फंक्शन लिहा आणि चेंज (खिडकीतून निवडल्यावर) व ड्रॉप (ओढून टाकल्यावर) या दोन्ही इव्हेंटमधून तेच कॉल करा.

पुढची चूक जास्त महागात पडते: फाइलच्या टाइपवर, म्हणजे ब्राउझर सांगतो त्या प्रकारावर, विसंबणं. ब्राउझर साधारणपणे फाइल उघडून पाहत नाही, एक्स्टेंशन (नावातल्या डॉटनंतरचा भाग) बघून टाइप लावतो. ईएक्सईचं नाव बदलून पीएनजी केलं की टाइपही ‘इमेज/पीएनजी’. त्रास होतो तो मात्र प्रामाणिक वापरकर्त्याला. विंडोजवर एक्सेल असेल तर साध्या सीएसव्हीचा टाइप एक्सेलचा येऊ शकतो आणि अनोळखी एक्स्टेंशनला तर रिकामी स्ट्रिंग मिळते. म्हणून टाइप रिकामा दिसला की लगेच फाइल नाकारू नका, एक्स्टेंशन बघा. तेही शेवटच्या डॉटनंतरचं आणि लोअरकेस करून.

खात्री हवी असेल तर स्लाइसने (फाइलचा तुकडा कापून देणारी मेथड) पहिले काही बाइट वाचा. जेपीईजी ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते. वर्डची डीओसीएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स मात्र आतून झिपच असतात, त्यामुळे झिप धरून तिघांची सुरुवात सारखीच. तिथे आतल्या फाइली पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. ‘इमेज/*’ला, म्हणजे सगळ्याच चित्रप्रकारांना, सरसकट परवानगी देणाऱ्यांनी एसव्हीजी आठवावी, तिच्यात स्क्रिप्ट बसते. आणि हे सगळं सर्व्हरवर पुन्हा करायचंच, कारण रिक्वेस्ट तुमच्या पानावरूनच येईल असं नाही.

ड्रॅगओव्हरमध्ये (फाइल चौकटीवर ओढत असतानाचा इव्हेंट) फाइलींची यादी रिकामी मिळते म्हणून डोकं खाजवू नका, ती ड्रॉप झाल्यावरच भरते. ड्रॅगओव्हरला प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी मेथड) मात्र लावा, नाहीतर ड्रॉप इव्हेंट येतच नाही. चौकटीबाहेर पडलेल्या फाइलीसाठी तेच विंडोवर ड्रॅगओव्हर आणि ड्रॉप या दोन्हींना लावा. नाहीतर ब्राउझर तीच फाइल उघडायला जातो आणि अर्धा भरलेला फॉर्म गायब.

दहा फाइलींत एक चुकीची निघाली तर दहाही परत पाठवू नका. ‘अवैध फाइल’ एवढंच न लिहिता तिचं नाव आणि काय चालतं ते सांगा.